गाडी स्लो धरेना

"कुणी बोलू नका!" उमराणींनी हात वर केला.

बोलत कुणीच नव्हतं. सकाळपासून बोलत होते ते एकटे उमराणीच. तरी आम्ही आणखी गप्प झालो. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि समाधी लागल्यासारखे डोळे मिटले. गाडी जागच्या जागी हुडहुडी भरल्यागत थरथरत होती. नंबरप्लेट खुळखुळत होती. मधूनच इंजिनाला उचकी लागायची, आता बंद पडतंय असं वाटायचं आणि पुन्हा कसंबसं सावरायचं.

"टॅपेट," उमराणी डोळे उघडून म्हणाले.

मागच्या खेपेला त्यांनी 'टायमिंग' म्हटलं होतं. त्याच्या आधी पेट्रोलमध्ये रॉकेल निघालं होतं. दर वेळी कान तोच, स्क्रू ड्रायव्हर तोच, रोग मात्र नवा.

विरूपाक्ष उमराणी माझ्या नणंदेचे यजमान. इस्लामपुरात त्यांचं पाण्याच्या मोटरींचं दुकान. मोटरी विकतो म्हणजे मोटारीही कळतात, असा त्यांचा सरळ हिशेब होता. जे जे फिरतं ते सगळं त्यांना कळायचं. पंखा कळायचा, पिठाची गिरणी कळायची, ग्रहसुद्धा कळायचे. आमच्या लग्नात गुण जुळवताना त्यांनीच खोडा घातला होता. पुढे कळलं की खोडा ग्रहांचा नव्हता, माझ्या वडिलांच्या नखांचा होता. वडील मिरजेत गॅरेज चालवायचे. नखांच्या कडेला कायमची काळी रेघ. "ग्रीसातली पोरगी आणताय घरात," असं उमराणी म्हणाले होते म्हणे. तरी लग्न झालं, कारण माझे सासरे हो म्हणाले होते आणि त्यांच्या शब्दापुढे बोलायची छाती तेव्हा कुणाची नव्हती.

ते सासरे, म्हणजे मामंजी, आदल्या पावसाळ्यात वारले. तासगावात बेदाण्याची दलाली करायचे. मागं घर ठेवलं, घरामागची मोठी पत्र्याची शेड ठेवली आणि शेडमध्ये ही पेट्रोलची गाडी ठेवली. गोल पाठीची, जाड पत्र्याची, माझ्यापेक्षा वयानं मोठी. मामंजींनी तिला जपलं तेवढं पोटच्या पोरांना जपलं नव्हतं, असं आत्याबाई म्हणायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गौराबाई हिंगमिरे. अंगानं किरकोळ, पण जिभेला धार अशी की समोरच्याला कापलं गेल्याचं घरी गेल्यावर कळायचं.

मामंजी गेल्यावर महिना उलटला नसेल, तोच उमराणींनी ठरवलं की गाडी विकायची. ठरवलं म्हणजे जेवताना जाहीर केलं. माझा नवरा शिवकुमार मान हलवत होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा. नदी कुठल्या दिशेला वाहते हे त्याला नकाशावर नेमकं सांगता यायचं. घरातलं वारं कुठं वाहतंय एवढंच उमगत नसे. भावोजी म्हणतील ती पूर्व दिशा.

गाडीला गिऱ्हाईकं यायला लागली आणि हा आजार सुरू झाला.

पहिलं गिऱ्हाईक विट्याचं. गाडी रंगरूपानं अशी झकास, की तो माणूस दारातूनच हरखला. उमराणींनी किल्ली फिरवली. सुरू पटकन झाली. पण पायाखालची रेस सोडली की खोकायला लागली. स्लो धरेना. रेस दिली की गुमान पळायची, रेस काढली की थरथर. विट्याचा माणूस चहा पिऊन गेला तो गेलाच.

"परवा तर नीट होती," मी म्हणाले. गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा मीच ती सुरू करून ठेवायची. घरात दुसऱ्या कुणाला त्याची फिकीर नव्हती. "सोमवारी मी सुरू केली तेव्हा एकदम शांत चालत होती."

"वहिनी," उमराणी हसले. ते हसताना फक्त वरची मिशी हलायची. "गाडी म्हणजे काय लग्नाची मुलगी आहे होय, पाहुणे बघून लाजायला? तुम्हाला कळलं नसेल. बाईमाणसाला गाडी चालू झाली म्हणजे चालू झाली, एवढंच कळतं."

आत्याबाई उंबऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बरोबर आहे जावईबापूंचं. आम्हाला आपलं बंद पडलेलं तेवढं कळतं."

उमराणींना ते कौतुकच वाटलं.

मग त्यांनी इस्लामपुराहून मेस्त्री आणला. चांगला जाणता माणूस असावा, पण त्याला काम करू देतंय कोण? तो वाकला की उमराणी वाकायचे. तो काही बोलायला तोंड उघडायचा, की उमराणी त्याच्या तोंडचा शब्द घेऊन भलताच संपवायचे. त्यांनी सांगितलं, प्लग बदला. बदलले. पॉइंट बदला. बदलले. कार्बोरेटर उतरवून धुवा. धुतला. रोग तसाच आणि अंगावर सगळे नवे दागिने. शेवटी मेस्त्रीनं हात पुसले आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, ह्यांना जरा आत न्या, मग बघतो." पण उमराणींना आत नेणं हे इंजिन उतरवण्यापेक्षा अवघड. मेस्त्री वैतागून निघून गेला.

दुसरं गिऱ्हाईक आलं, गेलं. आमच्या वन्संनी, रत्नप्रभानं, गाडीला लिंबू-मिरच्या बांधल्या. उमराणींनी त्यालाही मान डोलावली. टॅपेटपासून नजरेपर्यंत त्यांच्या शास्त्राला काहीच वर्ज्य नव्हतं.

आता खरं सांगायचं तर मला या सगळ्याची गंमत वाटत होती. पण गमतीच्या खाली एक खाज होती. मी गॅरेजमध्ये वाढले होते. शाळा सुटली की वडिलांच्या शेजारी लोखंडी पिंपावर बसून अभ्यास करायचा आणि कान मात्र इंजिनाकडे. अण्णा म्हणायचे, आधी ऐकायचं, मग विचारायचं, हात सगळ्यात शेवटी लावायचा. सासरी मला एकदाही कुणी म्हणालं नव्हतं, की गिरिजा, तू बघ जरा.

मग मी कुणी न म्हणता बघितलं.

एका दुपारी घरात सामसूम होती. आत्याबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या, शिवकुमार शाळेत. मी शेडचं दार लोटलं, गाडी सुरू केली आणि आधी नुसती उभी राहिले. थरथर होतीच. रेस दिली, गेली. सोडली, आली. म्हणजे चारी सिलिंडर काम करत होते, रिंगा-बिंगा काही बसलेल्या नव्हत्या. तसं असतं तर पळतानाही रडली असती. मग चोक थोडा ओढला. चोक ओढला म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. आणि काय सांगू, गाडी सुधारली! चोक आत ढकलला, पुन्हा थरथर.

अण्णांचा आवाज कानात वाजावा तसं झालं. गाडी हवा घेतेय. कार्बोरेटरला चुकवून कुठून तरी चोरवाटेनं हवा आत जातेय. भरधाव पळताना तेवढ्याशा हवेनं काही बिघडत नाही, पण स्लो चालताना इंजिन घोट घोट पितं, तेव्हा तेवढी हवाही त्याला ठसका लावते.

मी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि कान दिला. फटफट, खुळखुळ, पंख्याचा वारा आणि त्या सगळ्याच्या खाली अगदी बारीक 'स्स्स' असा आवाज. जिभेवर चटका बसल्यावर माणूस हवा ओढतं ना, तसा. आवाजाच्या मागावर गेले, तर कार्बोरेटरच्या खालच्या जाड नळीला, मागच्या अंगाला, एक पितळी नळकांडं होतं. करंगळीच्या पेराएवढं, उघड्या तोंडाचं. उभ्यानं बघणाऱ्याला दिसणारच नाही असं. एरवी सगळ्यावर तेलकट काजळी, पण त्या नळकांड्याचं टोक तेवढं झगझगीत. म्हणजे तिथं काहीतरी घट्ट बसत होतं आणि ते नुकतंच निघालं होतं.

मी त्यावर बोट ठेवलं.

गाडी गप्प झाली. बंद नव्हे, गप्प. नंबरप्लेटची खुळखुळ थांबली आणि इंजिन असं एकसुरी घुमायला लागलं, की अंगावर काटा आला. बोट काढलं, उचकी. ठेवलं, शांत. मी लहान मुलीसारखी किती वेळ ते करत राहिले कुणास ठाऊक.

एक रबरी टोपी हरवली होती. एवढंच. बोटाच्या टोकावर बसेल एवढं रबर. त्यासाठी टायमिंग, टॅपेट, रॉकेल, लिंबू आणि मिरच्या!

गाडीखाली, शेडच्या कोपऱ्याकोपऱ्यात शोधलं. टोपी नव्हती. पण मला तिची गरज तरी कुठं होती? येत्या रविवारी पलूसचे मोहिते म्हणून बागायतदार गाडी बघायला यायचे होते. पोराच्या वरातीसाठी त्यांना अशीच जुनी, ऐटदार गाडी हवी होती. मी ठरवलं, त्यांच्यादेखत करायचं. उमराणी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटतील, तेव्हा मी शेजारून नुसतं बोट ठेवायचं. बोलायचं काही नाही. नाहीतर एकच वाक्य बोलायचं. त्या वाक्याचे मी भाकरी थापताना नाना प्रकार करून बघितले. "भावोजी, डोळे उघडा" हे मला सगळ्यात आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मसालेभात करायचा होता. मी मिसळणाचा डबा उघडला. एका वाटीत मोहरी, एकीत हळद, एकीत जिरं. मधल्या वाटीत लवंगा. लवंगांची चिमूट उचलली, तर बोटांना काहीतरी मऊ लागलं.

काळी, गोल, रबराची टोपी.

मी डबा तसाच हातात धरून उभी राहिले. देवघरातून आत्याबाईंच्या घंटेचा आवाज येत होता. या घरात त्या डब्याला पुरुषाचा हात कधी लागला नव्हता. वन्सं माहेरी आल्या तर पाटावरून उठत नसत. डबा उघडणाऱ्या बायका दोनच आणि त्यातली एक मी.

सोमवारी नीट चालणारी गाडी पाहुणे आले की का लाजायची, ते आता कळलं. मेस्त्री आल्यापासून मात्र तो माणूस केव्हाही परत येईल या धास्तीनं टोपी डब्यातच राहिली असणार.

मी टोपी होती तिथं ठेवली, वर लवंगा लोटल्या आणि झाकण लावलं.

दुपारी जेवताना आत्याबाईंनी भाताचा घास घेतला. चावता चावता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लवंग घातली नाहीस गं?"

"नाही, आत्याबाई. म्हटलं, तुम्हाला लागेल."

त्यांचा घास क्षणभर थांबला. मग त्या म्हणाल्या, "शहाणी आहेस," आणि ताक मागितलं. एवढंच. मीही काही विचारलं नाही. त्या असं का करत होत्या, ते मला कळलं नव्हतं. गाडीवर जीव असेल, मामंजींची आठवण असेल, असं काहीतरी मी धरून चालले. म्हातारी माणसं वस्तूला चिकटतात, असं आपण पटकन म्हणून टाकतो. त्यात आपली सोय असते.

रविवार उजाडला. मोहिते आले. धिप्पाड, मनमोकळा माणूस. गाडीभोवती एक फेरी मारली आणि तिच्या पत्र्यावर थाप दिली ती बैलाच्या पाठीवर द्यावी तशी. "काय जनावर आहे हो!" म्हणाले. उमराणी लगेच आजारपण सांगायला लागले. किरकोळ आहे, टॅपेटचं आहे, अर्ध्या तासाचं काम आहे. गाडी चालू होती आणि थरथरत होती.

मी शेडच्या दाराशी होते. आत्याबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर. शिवकुमार खिशात हात घालून, कुणाचीच बाजू न घेता उभा.

तेवढ्यात उमराणींनी खिशातून मोजपट्टी काढली. गाडी मोजायला नव्हे. मोहिते टायर बघत होते तेवढ्यात त्यांनी पट्टीचं एक टोक शिवकुमारच्या हातात दिलं आणि शेडची भिंत मोजायला घेतली.

"इथपर्यंत पाइपांची रॅक," ते म्हणाले. "इकडं मोटरी. दार मोठं करून घ्यावं लागेल. टेम्पो आत यायला पाहिजे."

"कुणाचा टेम्पो?" मी विचारलं.

"गोडाऊन करायचंय इथं. शिवकुमार बोलला नाही काय? गाडी गेली की जागा मोकळीच की." मग पट्टी गुंडाळत, आवाज जरासा खाली आणून, पण आत्याबाईंना ऐकू जाईल एवढाच ठेवून ते म्हणाले, "मामी आमच्याकडं येतील इस्लामपूरला. रत्नालाही हाताशी माणूस होईल. वरच्या मजल्यावर गच्चीच्या जिन्याखाली खाट टाकलीय. हवेशीर आहे. कागदावर मामींची सही लागेल तेवढी. ती काय, पेन दिलं की झालं."

मी शिवकुमारकडे बघितलं. तो पट्टीचं टोक अजून भिंतीला टेकवून उभा होता. ते खाली ठेवायलाही त्याला कुणी सांगायला हवं होतं.

"काय हो," मोहिते बॉनेटपाशी येऊन म्हणाले, "गाडी मनात भरलीय. पण इंजिन असं करत असेल तर वरातीत मधेच बसायचं. दुसरं कुणी बघणारं नाही का?"

उमराणींची मिशी हलली. "आहेत की! आमच्या वहिनी. मिरजेच्या विभूते मेस्त्रीची लेक! या, वहिनी, या. गॅरेजात वाढलाय म्हणे. का बापानं नुसतेच पाने उचलायला लावले?"

मी गेले. इतकी वर्षं झाली, पण ती शेडच्या दारापासून बॉनेटपर्यंतची वाट मला अजून आठवते. कानशिलं तापली होती. मी वाकले. 'स्स्स' ऐकू येत होतं. नळकांडं तिथंच होतं, बोटभर अंतरावर. माझं बोट आपोआप पुढं झालं.

बोट ठेवलं असतं तर गाडी घुमली असती. मोहित्यांनी तिथल्या तिथं 'घेतली' म्हटलं असतं. उमराणींचं तोंड बघण्यासारखं झालं असतं आणि अण्णांच्या नखांचं सगळं देणं एका क्षणात फिटलं असतं.

मी मान वर केली. आत्याबाई पायरीवर उभ्या होत्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, विनवत नव्हत्या, खुणावत नव्हत्या. त्या माझ्या बोटाकडे बघत होत्या. कुणी आपलं पान मांडून ठेवावं आणि दुसऱ्यानं काय वाढायचं ते बघत गप्प बसावं, तसं.

मी हात मागं घेतला.

"नाही कळत मला," मी म्हणाले. "इंजिन आतून गेलं असावं."

"बघा!" उमराणी मोहित्यांना म्हणाले आणि पोटभर हसले. "बापाचं गॅरेज आणि लेकीचं हे ज्ञान! अहो, यांच्याकडं गाडी टाकणाऱ्यांची कीव येते."

शिवकुमारही हसला. थोडंसंच. पण हसला.

मोहिते मात्र हसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "राहू द्या, ताई. सगळ्यांना सगळं कळतं असं कुठं असतं?" आणि चप्पल सरकवून निघाले. उमराणी "अहो, अर्ध्या तासाचं काम" म्हणत त्यांच्या मागं फाटकापर्यंत गेले. मोहित्यांनी वळून बघितलं नाही.

इंजिन जिथं 'आतून गेलं', तिथं उमराणींचं सारं शास्त्र संपलं. आता ते भंगारवाल्याला बोलावू म्हणाले. पण भंगारात गाडी द्यायची म्हणजे आपल्याला ती दुरुस्त करता आली नाही हे कबूल करायचं. त्यामुळे तेही लांबणीवर पडलं. शेड मोकळी झाली नाही, गोडाऊन झालं नाही आणि जिन्याखालची खाट रिकामीच राहिली.

माझ्या अज्ञानाची गोष्ट मात्र त्यांनी सगळ्या पाहुण्यांत फिरवली. ती मिरजेला पोचायची तशी पोचली. अण्णांचा फोन आला. आवाज पडलेला.

"गिरिजे, रेसला ठीक आणि स्लोला मिसिंग. हे ऐकून मला इथं बसल्या कळतंय, की हवा घेतेय. तुला समोर उभं राहून कळलं नाही?"

"कळलं होतं, अण्णा."

"मग?"

"विकायची नव्हती."

 मग अण्णा जे हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत हसले. "त्या उमराण्याला माझा नमस्कार सांग," म्हणाले.

ज्या दिवशी मोहिते परत गेले, त्या संध्याकाळी आत्याबाईंनी मला शेडमध्ये हाक मारली. कमरेच्या पिशवीतून टोपी काढली आणि न वाकता, न बघता, हात मागं घालून नळकांड्यावर बसवली. मी बघून बसवतानाही चुकेन, पण त्या न बघता चुकल्या नाहीत.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवतंय कोण? तुझे मामंजी दर रविवारी हिच्या पोटात डोकं घालायचे आणि टॉर्च धरायला मी. जन्मभर टॉर्च धरलाय. ज्याचं डोकं आत, त्याला एकच स्क्रू दिसतो. टॉर्च धरणाऱ्याला सगळं दिसतं."

"आत्याबाई, एवढा जीव आहे गाडीवर, तर सरळ नको म्हणायचं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की उमराणींच्या रांगेत मीही जाऊन बसले असं वाटलं.

"जीव? ह्या डबड्यावर? अगं, हिच्यापायी कधी सणाला तो माणूस वेळेवर ताटावर आला नाही. हिला विकायला मी पहिल्या दिवशी तयार होते."

"मग हे सगळं कशासाठी?"

"मला कुणी विचारलं?" त्या म्हणाल्या. "तू होतीस ना जेवायला त्या दिवशी. जावयानं सांगितलं, लेकानं मान हलवली, लेकीनं आमटी वाढून घेतली. मी समोर बसले होते. कुणी म्हणालं, गौराबाई, तुझ्या दारची गाडी आहे, विकू का? आज गाडी न विचारता. उद्या शेड न विचारता. परवा मी, बोचकं बांधून, जिन्याखाली. पहिल्यालाच अडवावं लागतं, गिरिजा. तिसऱ्याला अडवायला आपण घरात राहिलेलो नसतो."

मी वाकून नळकांड्यावरची टोपी बोटानं चाचपली.

"आणि तू," त्या बॉनेट लावत म्हणाल्या, "बापावरून बोलला तो, तरी हात मागं घेतलास. मी होते तुझ्या जागी तर घेतला नसता. ठेवलं असतं बोट त्याच्या नाकावर."

त्या पलीकडं त्यांनी माझं कौतुक कधी केलं नाही. मला पुरलं.

दिवाळी झाली. मोहित्यांच्या मुलाचं लग्न पुढं माघात होतं. आत्याबाईंनी मला पलूसला फोन लावायला लावला आणि रिसीव्हर स्वतः घेतला. "गाडी बरी झालीय. बघायला या. आमचे जावई नाहीत, निवांत या," एवढंच बोलल्या. मोहिते आले. किल्ली आत्याबाईंनी माझ्या हातात दिली. गाडी सुरू झाली आणि बॉनेटवर हात ठेवला तरी कळू नये अशी शांत घुमत राहिली. मोहिते माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "ताई, त्या दिवशी तुम्ही खोटं बोलला की हो." मी म्हणाले, "इंजिनाला विचारा." कागदावर आत्याबाईंनी सही केली, सावकाश, पूर्ण नावानं. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा त्या बघायलासुद्धा थांबल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी रिकामी शेड धुवून घेतली आणि मध्ये खुर्ची टाकून दुपारभर बसल्या. "किती मोठी आहे गं," म्हणाल्या. "मला वाटायचं, लहान आहे."

शिवकुमारला संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "भावोजींना कळवायला हवं होतं." मग आईकडे बघितलं आणि पुढचं वाक्य गिळलं. पुढं पुढं तो बरीच वाक्यं गिळायला शिकला, त्यातून संसार झाला.

उमराणी त्या आठवड्यातच आले. मोजपट्टी खिशात होतीच. मागं गेले आणि तसेच परत आले. तोंडावरचं सगळं शास्त्र उतरलं होतं.

"गाडी कुठाय?"

"विकली," आत्याबाई चूल आवरत म्हणाल्या.

"विकली? कुणाला?"

"मोहित्यांना. चांगली चालते म्हणत होते."

"चालते? ती चालते कशी? अहो, आणि मला न सांगता?" त्यांचा आवाज चढला. "कुणाला विचारून विकली?"

आत्याबाईंनी पातेलं घेतलं. आधण ठेवलं, चहा केला, गाळला. कपबशी स्वतःच्या हातानं नेऊन जावयासमोर ठेवली. उमराणींनी रागातच एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर घातली नाही, जावईबापू," आत्याबाई म्हणाल्या. "म्हटलं, तुम्हाला विचारून घालावी."

उमराणींनी माझ्याकडे बघितलं, शिवकुमारकडे बघितलं.  त्यांनी तो चहा तसाच, शेवटच्या घोटापर्यंत, प्यायला.